चाकातली हवा आणि गाडीतला बोजा



वार्तापत्राच्या या पानावर दरवेळी आम्ही परीक्षेचे निकाल, स्नेहसंमेलन नाहीतर मुलांच्या उपस्थितीविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. टायरमधली हवा हा मुख्याध्यापकांचा विषय कधीपासून झाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या गावातून नर्मदा परिक्रमेला निघालेल्या गाडीत आपल्या शाळेतल्या आठ मुलांचे आजी-आजोबा बसलेले होते, आणि त्या गाडीच्या निमित्ताने आमच्या नववीच्या वर्गाने जे गणित केले ते सर्वांना माहीत असावे, असे आम्हास वाटते.

परिक्रमा चातुर्मास संपल्यावर उचलतात. २०२४ मध्ये देवउठनी एकादशी १२ नोव्हेंबरला होती आणि आपल्या मंडळींनी त्यानंतरच्या आठवड्यात ओंकारेश्वरहून निघायचे ठरवले होते. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर; दोन्ही तीर धरून गाडीने जायचे तर वळणावळणाने तीन हजारांहून जास्त किलोमीटर होतात. पायी चालणे ज्यांना झेपत नाही अशी बारा मंडळी आणि सर्वांचे वय साठीच्या पुढे. त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि इंदूरच्या एका बॉडीवाल्याकडून तिचे फिरते घर करून घेतले. मागच्या सीटा काढून डाव्या अंगाला स्वयंपाकाचा ओटा, त्याखाली दीडशे लिटर पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, त्यावर शिध्याच्या लोखंडी पेट्या. उजव्या अंगाला आडवे होण्यापुरते दोन फळ्यांचे बिछाने. बदलाची परवानगी परिवहन कार्यालयाकडून रीतसर घेतली होती. गॅसची सिलिंडरे मात्र माणसांच्या गाडीत नकोत म्हणून सोबतच्या पिकअपमध्ये ठेवायची, हे अण्णांनी आधीच ठरवले होते. (अण्णा म्हणजे या यात्रेचे पुढारी. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला अतिशय पक्के. त्यांची नात आपल्याकडे नववीत आहे.)

गाडी तयार होऊन आली तेव्हा डाव्या अंगाला किंचित झुकलेली दिसत होती. बॉडीवाल्याने डाव्या बाजूच्या मागच्या कमानीत एक पट्टा जास्त घातला आणि गाडी सरळ झाली. सर्वांचे समाधान झाले.

आमचे समाधान होण्याला तसे काही कारण नव्हते, पण नसण्यालाही नव्हते. शंका आली ती दूरच्या एका फोनवरून. आपल्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिकडे मोटरहोम म्हणून प्रकार आहे, म्हणजे बसएवढ्या गाडीत चूल, फ्रिज, पलंग, न्हाणीघर, सगळे. तो दर उन्हाळ्यात मुलाबाळांना घेऊन असल्या गाडीतून फिरतो. वडील परिक्रमेला जाणार हे कळल्यावर त्याने वडिलांना नाही, आम्हाला फोन केला. म्हणाला, "सर, गाडी तोललीत का? आणि तोललीत तर चाक-चाक वेगळे तोललेत का?" त्याने सांगितले की तिकडे महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर जे वजनकाटे असतात ते प्रत्येक धुरीचे वजन वेगळे देतात, आणि जाणकार लोक त्याच्याही पुढे जाऊन प्रत्येक चाकाखालचे वजन काढून घेतात. कारण मोटरहोममध्ये स्वयंपाकघर, फ्रिज, पाण्याची टाकी ही जड कामे बहुधा एकाच बाजूला येतात. आपल्याकडेही आता हा प्रकार नवीन राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच आणले. पण आपल्या लोकांचे फिरते घर हे असेच असते, जुन्या गाडीवर स्थानिक कारागिराने उभे केलेले, आणि त्यात बोजा कुठे बसला हे विचारणारे कोणी नसते.

मालव्यात वजनकाट्याला धर्मकाटा म्हणतात. आपल्या सांवेरला तर मंडी असल्यामुळे मुलांना हा काटा घरच्यासारखा. सोयाबीनच्या, गव्हाच्या ट्रॉल्या रांगेत लागतात, भरलेली तोलली, रिकामी तोलली, वजाबाकी केली, पर्ची घेतली. उज्जैन रस्त्यावरचा एक काटा जमिनीला अगदी समतल आहे. असाच काटा पाहिजे, कारण काही चाके काट्यावर आणि काही जमिनीवर ठेवायची असतील तर दोन्ही एका पातळीत हवीत, नाहीतर वजन खोटे येते. एका रविवारी सकाळी, मंडी बंद असताना, काटेवाल्याला विनंती करून आम्ही नववीची अकरा मुले घेऊन गेलो. गाडीत सगळे सामान भरलेले, टाकी पाण्याने भरलेली, आणि बारा आजी-आजोबा आपापल्या जागी बसलेले. (त्यांना हे सर्व फार गमतीचे वाटत होते.)

प्रथम अख्खी गाडी चढवली. वजन आले ३,८९० किलो. नोंदणी पुस्तकात परवानगी होती ४,००० ची. अण्णांनी पर्ची खिशात घातली आणि म्हणाले, "झाले की. एकशे दहा किलो अजून शिल्लक आहेत, पापड-लोणची वाढवता येतील."

मुलांनी नुसती पुढची चाके काट्यावर ठेवायला लावली. १,६१० किलो आले. म्हणजे मागच्या धुरीवर वजाबाकीने २,२८०. मागच्या टायरवर आकड्यांच्या ओळीत ११४ हा भारांक छापलेला होता. तक्त्यात त्याचा अर्थ १,१८० किलो. दोन टायरांचे २,३६०. मागच्या धुरीवर त्याहून ८० किलो कमीच वजन. इथेही गाडी पास.

यानंतर ड्रायव्हरने मोठ्या कौशल्याने गाडी काट्याच्या कडेला लावून एकेक चाक वेगळे ठेवले. पुढचे डावे ८२०, पुढचे उजवे ७९०, मागचे उजवे १,०१०. आणि मागचे डावे १,२७०. काटा दहा-दहा किलोने चालतो, तेव्हा थोडे इकडेतिकडे धरा, पण ज्या टायरची ताकद १,१८० त्यावर नव्वद किलो जास्त बसले होते हे पर्चीवर उघड दिसत होते. आम्ही शाळा-कॉलेज हिंदी माध्यमातून केले, तेव्हा आम्ही 'औसत' शिकलो. आपली मुले 'सरासरी' म्हणतात. मागच्या धुरीची सरासरी काढली तर दर चाकाला १,१४० येतात आणि कुणालाही काळजीचे कारण दिसत नाही. अण्णांची नात तिथेच म्हणाली, "आजोबा, डावे चाक सरासरीवर थोडेच चालणार आहे!" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातली पर्ची काढून पुन्हा वाचली.

आता बॉडीवाल्याने घातलेल्या त्या जास्तीच्या पट्ट्याचा अर्थ लक्षात येईल. पट्ट्याने गाडी वर उचलली, सरळ दिसू लागली, पण टायरवरचा बोजा त्याने एक किलोनेही कमी झाला नाही. उलट, झुकलेली गाडी पाहून निदान कुणीतरी विचारले असते. आमच्या मते असली दुरुस्ती नसलेली बरी.

ड्रायव्हरचा उपाय साधा होता, डाव्या मागच्या चाकात हवा जास्त भरू. हा उपाय आपल्यापैकी पुष्कळांना सुचेल, म्हणून इथे जरा थांबतो. मुलांनो, गाडीचे वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या बेलफास्टच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला, तेव्हापासून हेच तत्त्व चालू आहे. त्या गाडीच्या मागच्या चाकांत ६५ पौंड हवा भरायची असते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेचार किलो. त्यावर हजार किलो बसले तर टायरचा सुमारे २२० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. दोन पोस्टकार्डे शेजारी ठेवलीत तर त्याहूनही कमी जागा! हवा कमी पडली किंवा बोजा वाढला की टायर जास्त चपटा होतो आणि दर फेरीला त्याची बाजूची भिंत वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. वेगात असताना हे एका मिनिटात शेकडो वेळा होते. लोखंडी तार हाताने सारखी वाकवली तर गरम होते, तसेच हे. आतून तापत तापत रबर आणि आतले थर सुटू लागतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून टायर फुटतो तो बहुधा लांबच्या सरळ रस्त्यावर, दुपारी, वेगात.

मग हवा वाढवली तर? एका मर्यादेपर्यंत ठीक. पण टायरची भार सोसण्याची कमाल ठरलेली असते, ती जास्त हवेने वाढत नाही. आणि एकाच धुरीच्या दोन चाकांत कमीजास्त हवा ठेवली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. त्यामुळे नियम असा की एका धुरीवरची हवा दोन्हीकडे सारखी, आणि ती किती हे जड बाजूच्या वजनावरून ठरवायचे, हलक्या बाजूवरून नाही, सरासरीवरून तर नाहीच. पुढच्या आणि मागच्या धुरीची हवा वेगळी असू शकते. आणि जड बाजूच जर टायरच्या ताकदीबाहेर गेली असेल तर हवेचा प्रश्नच संपला, सामान हलवायला पाहिजे.

सामान हलवायचे म्हटल्यावर खरी अडचण सुरू झाली. टाकीला नळ बसवलेले, ओट्याला फरशी लावलेली, निघायला आठ दिवस. एक आजी म्हणाल्या की इतकी वर्षे लोक गाड्या भरून यात्रेला जातात, कुणी चाके तोलली? दुसऱ्या एकांनी तर म्हटले, नर्मदामाई उजव्या हाताला राहणार, बोजा डाव्या हाताला राहू दे, समतोल होईल. आम्हीही हसलो. पण त्यांच्याच शंकेचे उत्तर जुन्या लोकांच्या भाषेत आहे. बैलगाडीत मागे जास्त भरले की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरले तर मानेवर ओझे. गाडीवान भरतानाच जू हाताने उचलून बघत असे. चाके तोलत नसत हे खरे, पण जू तोलल्याशिवाय कोणी गाडी हाकत नसे.

मोटारीतही उलाळचे गणित तेच आहे. नववीच्या मुलांनी फळ्यावर केलेले उदाहरण देतो. समजा पुढच्या आणि मागच्या धुरीत ३ मीटर अंतर आहे आणि ६० किलोची पेटी मागच्या धुरीच्याही १ मीटर मागे ठेवली आहे. मागच्या धुरीवर किती वजन वाढेल? साठ नव्हे, ऐंशी. आणि पुढच्या धुरीवरचे वीस किलो कमी होतील. ज्या चाकांनी गाडी वळवायची तीच हलकी होतात. तरफेचा हा धडा पुस्तकात सी-सॉच्या चित्राने असतो. पेट्यांचे चित्र दिले तर मुलांना लवकर कळेल असे आम्हास वाटते.

शेवटी अण्णांनीच निर्णय घेतला. टाकी ओट्याखालून काढून दोन्ही धुरींच्या मध्ये, गाडीच्या मधोमध बसवली. बॅटऱ्या उजव्या बाजूला पुढे नेल्या. शिध्याच्या पेट्या मागून काढून बिछान्यांखाली सरकवल्या. या कामात चार दिवस गेले, आणि ओट्याच्या फरशीचा एक तुकडा कायमचा. पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा एकूण वजन तेच होते, ३,८९०. पण मागचे डावे १,१३०, मागचे उजवे १,०५०, पुढचे डावे ८७०, पुढचे उजवे ८४०. घरातली एक वस्तू कमी केली नव्हती, नुसती जागा बदलली होती. पापड-लोणची मात्र वाढवली नाहीत.

त्याच वेळी मुलांनी स्टेपनीही पाहिली. नक्षी नव्यासारखी खोल होती. पण टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीवर होते ४११३, म्हणजे २०१३ सालचा एकेचाळिसावा आठवडा. अकरा वर्षे उन्हात लटकलेले रबर. ती बदलली. घरी जाऊन आपापल्या गाडीचे हे आकडे वाचा; वडिलांना माहीत नसतील तर सांगा.

परिक्रमेत हवा रोज सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, आपल्या स्वतःच्या गेजने मोजायची आणि वहीत लिहायची असे ठरले. ड्रायव्हर लोक टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतात. त्याने पंक्चर झालेला कळतो, पण पासष्ट पौंडांचे पंचेचाळीस झाले तर कळत नाही. चालून आलेल्या गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते, ती सोडायची नाही. ती उष्णतेची वाढ असते. दहा अंश तापमान बदलले तर ६५ पौंडांच्या टायरमध्ये सुमारे अडीच पौंडांचा फरक पडतो. ती वही आता आमच्याकडे आहे. ओंकारेश्वरला सकाळी मागच्या चाकांत ६५, आणि अमरकंटकला, हजार मीटरहून उंच जागी, कडाक्याच्या थंडीत, ६२. उंचीमुळे गेजवर एक-दीड पौंड वाढून दिसतो, म्हणजे थंडीने त्याहूनही जास्त घट केली होती. तिथे तीन पौंड भरून घेतले. मागच्या उजव्या चाकात मात्र त्यानंतर दोन दिवस रोज दोन पौंड कमी येत होते, दुसऱ्यात नाही. मंडल्याला चाक उतरवले तेव्हा खिळा निघाला. वही नसती तर हे 'थंडीमुळे' म्हणून सोडले गेले असते.

टायरविषयी लोक जागे होतात ते अपघातानंतर. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या घटना वाढल्या तेव्हा घासलेल्या टायरांच्या गाड्या प्रवेशावरच अडवून परत पाठवण्याची मोहीम घ्यावी लागली. याच रस्त्यावर १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बसचा भीषण अपघात होऊन २५ जण गेले. पहिल्यांदा टायर फुटल्याचे सांगितले गेले, पण परिवहन कार्यालयाच्या अहवालात तसे आढळले नाही. तेव्हा प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही बरोबर नाही. इंदूरच्या बायपासवर ५ जानेवारी २०१८ ला शाळेच्या बसचा जो अपघात झाला, ज्यात चार मुले आणि चालक गेले, तोही टायरचा म्हणून ओळखला जात नाही. पण त्यानंतर आपल्या पालक सभेत वेगमर्यादेवर दोन तास चर्चा झाली आणि हवेविषयी एकही प्रश्न आला नाही, हे आम्हास आठवते.

आपल्या दोन्ही बसना मागे दुहेरी चाके आहेत. त्यात आतल्या चाकाकडे कोणाचा हात पोहोचत नाही. आतल्याची हवा गेली तर बाहेरचे चाक दोघांचा बोजा एकटे उचलते आणि बस तशीच चालत राहते. दुसरी गोष्ट मुलांच्या बसण्याची. दुपारच्या फेरीत सगळी मुले सावलीच्या बाजूला सरकतात, आणि पहिली दोन-तीन गावे उतरून गेली की उरलेली सगळी शेवटच्या सीटवर गोळा होतात. (आम्हीही विद्यार्थी होतो; शेवटच्या सीटचे आकर्षण आम्हाला ठाऊक आहे.) तिसावर मुलांचे वजन हजार किलोच्या घरात जाते, आणि ते स्वतःच जागा बदलते.

विश्वस्त मंडळाने दोन चांगले गेज आणि आतल्या चाकापर्यंत पोहोचणाऱ्या लांब नळ्या मंजूर केल्या आहेत, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. दोन्ही बसमध्ये हवेची वही लावली आहे. सोमवारी सकाळी पहिल्या फेरीपूर्वी चालक मोजतील आणि नववीचा एक विद्यार्थी लिहील. येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता दोन्ही बस उज्जैन रस्त्यावरच्या त्याच काट्यावर न्यायच्या आहेत. मुलांना काट्यावर बसवून ठेवणार नाही. आरोग्य तपासणीच्या रजिस्टरातून प्रत्येकाचे वजन काढून तेवढ्या वजनाची सोयाबीनची पोती सीटांवर ठेवू, आधी सगळीकडे सारखी आणि मग सगळी सावलीच्या बाजूला. पोती एका पालकांनी देऊ केली आहेत. उचलायला आठ-दहा मोठी माणसे लागतील. ज्यांना जमेल त्यांनी शाळेच्या फाटकाशी सव्वासातला यावे.